कातळ ते ओढा

डोंगरावर साग दाट होता, तेव्हाची गोष्ट. मोहाची फुले वेचायला कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवला आणि तसाच सोडला. बघता बघता वणवा चढू लागला. रानकोंबडा धावत घरट्याकडे आला. कोंबडी अंड्यांवरून उठायला तयार नव्हती आणि भोवती पोटाला लागेल एवढा वाळला पाला होता.

"ती उठत नाही, तर पाला उठवू," कोंबड्याने साऱ्या गोतावळ्याला सांगितले. "आग येतेय त्या बाजूला, कातळापासून ओढ्यापर्यंत माती दिसेतो उकरा."

पाय सपासप चालू लागले. पण पाल्याखालून टपोऱ्या अळ्या निघाल्या आणि चोची खाली गेल्या.

"दाजी, एवढी एक खाऊ द्या," कोंबडीचा भाऊ म्हणाला.

"खा. मग कोल्हा तुला भाजलेला खाईल." कोंबड्याने त्याच्या तुऱ्यावर चोच मारली.

पुन्हा माती उडू लागली. धूर डोळ्यांत गेला, शेपट्या होरपळल्या. आग तडतडत आली, उघड्या मातीपाशी थबकली आणि विझली.

"आता जेवा," कोंबडा म्हणाला.

मेहुणा मात्र अळ्या सोडून घरट्याच्या मागच्या बाजूला जाऊन पाला उकरू लागला होता.

"अरे, तिकडे कुठे आग आहे?"

"नाही ना, दाजी. म्हणून तर आत्ताच उकरतोय."