बुरूडआळीचं एकमत

राजा चंडसेनानं राजवाड्याला नवा सज्जा बांधला आणि त्या सज्ज्यातून बुरूडआळी दिसू लागली. झालं! महाराजांना अन्न गोड लागेना. वाकड्या गल्ल्या, टेकू दिलेली छपरं, दारोदारी कळकांचे, म्हणजे बांबूंचे, ढीग! आता आळी होती पिढ्यान्‌पिढ्यांची आणि सज्जा होता कालचा. पण चूक अर्थातच आळीची!

महाराजांनी वास्तुपंडित दिगंबरशास्त्र्यांना बोलावलं. शास्त्रीबुवा मोठे विद्वान. आळीत पाऊलही न टाकता, सज्ज्यात बसून, वाळ्याचं सरबत पीत त्यांनी आळीचा नवा नकाशा काढला. मधोमध कारंजं, भोवती गुलाबाचे ताटवे, उरलेल्या जागेत एका ओळीत घरं. घरं जरा कमी भरली, म्हणून निम्म्या माणसांनी गावाबाहेरच्या माळावर जायचं होतं. पण नकाशा देखणा होता हो!

दवंडी ऐकून कोंडाजी बुरुडाची लेक धुरपा तडक दरबारात जाऊन उभी राहिली. तिच्या जिभेला सारी आळी वचकून असे. माळावर जाणाऱ्यांत पहिलं घर तिचंच, आणि तिच्या आईला अंगणापर्यंतही चालवत नव्हतं.

"महाराज, आळी आमची, तर नकाशा आम्हाला विचारून काढा," ती म्हणाली. "राजवाड्याचं सांडपाणी नाल्यातून आमच्या घरांत शिरतं, तो नाला वळवा. एक विहीर द्या. कळक चिरायला अंगण राहू द्या. कारंजं नको."

"शास्त्रात बसत नाही!" शास्त्रीबुवांनी नाकाला उपरणं लावलं. "आणि राहणाऱ्यांना काय कळतं? ते तर नुसते राहतात!"

महाराज खो खो हसले. "आम्हाला विचारा म्हणे! अगं, तुमच्या आळीत आज वार कोणता यावरही डोकी फुटतात! ठीक आहे. उद्या दिवस मावळायच्या आत तुमचा नकाशा आण. पण साऱ्या आळीच्या एकमतानं! एक माणूस जरी 'नाही' म्हणाला, तर परवा आळी रिकामी!"

"बुरूडआळीचं एकमत!" शास्त्रीबुवा गालात हसले. "त्यापेक्षा बोकडाचं दूध मागायचं होतं, महाराज. लवकर मिळालं असतं!"

धुरपानं आळीत येऊन सगळ्यांना पिंपळाखाली जमवलं, आणि शास्त्रीबुवांचं म्हणणं खरं ठरायला सुरुवात झाली. विहीर प्रत्येकाला आपल्या दारात हवी होती. नाला प्रत्येकाला शेजाऱ्याच्या दारात हवा होता. भिवा आणि सख्या हे सख्खे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते आज बोलले, पण ते बोलणं इथं सांगण्यासारखं नाही. राधाकाकू तर म्हणाली, "सगळे हो म्हणत असतील, तर मी नाही म्हणणार! कुणीतरी विचार करायला नको का?"

धुरपा डोकं धरून बसली. मग ऐकता ऐकता ती एकदम उठली आणि मधोमध उभी राहून तिनं एकच गोष्ट सुचवली. मग भिवा हसला, सख्या हसला आणि राधाकाकूला तर हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी अख्खी आळी दरबारात! धुरपाच्या हातात सूप, आणि सुपात कामट्यांनी मांडलेला नकाशा.

महाराजांनी एकेकाला विचारलं. "तुला मान्य?" "मान्य!" "तुला?" "मान्य!" शेवटी राधाकाकू पुढं आली. "मला तर सगळ्यांच्या आधीपासून मान्य!"

महाराज सिंहासनावरून पुढं झुकले. "असं आहे तरी काय यात? इथं तर एकच घर दिसतंय!"

"होय महाराज. नाला आळीत शिरतो, बरोबर तिथं. हे घर शास्त्रीबुवांचं!" धुरपा म्हणाली. "आळीचं एकमत असं, की जो आमचा नकाशा काढेल त्यानं आधी एक पावसाळा इथं राहायचं. मग तो म्हणेल ते आम्हाला कबूल!"

"मी? त्या चिखलात?" शास्त्रीबुवा ताडकन उठले. "अहो, नाल्याचं पाणी अंथरुणात येईल! आधी तो नाला वळवा! आणि मी पाणी कुठून आणायचं? जवळ विहीर हवी! दारासमोर हातपाय पसरायला अंगण नको?"

"आणि कारंजं, शास्त्रीबुवा?" धुरपानं अदबीनं विचारलं.

"चुलीत घाला ते कारंजं!"

धुरपानं हात जोडले. "महाराज, मी काल हेच मागितलं होतं. तेव्हा ते शास्त्रात बसत नव्हतं. शास्त्रीबुवांना घर मिळालं आणि बघा, सगळं कसं नीट बसलं!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पण हट्ट सुटेना. "आणि मीच 'नाही' म्हटलं तर? एक जरी नाही म्हणाला तर आळी रिकामी, ठाऊक आहे ना?"

"अट आळीतल्या माणसांची आहे, महाराज," धुरपा म्हणाली. "आपण खुशाल 'नाही' म्हणा. शास्त्रीबुवांच्या शेजारची जागा मोकळीच आहे. आधी राहायला या!"

महाराजांनी एकवार शास्त्रीबुवांकडे पाहिलं. आणि मग महाराज असे हसले, असे हसले, की मुकुट घरंगळून मांडीवर आला!

"हरलो, पोरी! आळी हलणार नाही. नकाशा तुम्हीच काढा!" त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून धुरपाला दिला आणि नगराच्या पंचांत तिला जागा दिली. "पण विहीर कुणाच्या दारात, यावर पुन्हा भांडाल त्याचं काय?"

"भांडू की महाराज! पण आपल्या घरात राहून भांडू!"

"आणि माझं काय?" शास्त्रीबुवांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तुमचं घर एकमतानं ठरलंय. ते मी कसं मोडू?" महाराज डोळे पुसत म्हणाले. "मृगाला राहायला जा!"

नाला मृगाच्या आधी, रोहिणीतच वळला. राजवाड्याचं काम इतक्या झपाट्यानं झालेलं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं!