नळीचा धडा

एकदा, सन दोन हजार अकराच्या मार्गशीर्षात, थंडी पडू लागली त्या पंधरवड्यात, एका प्रयोगशाळेत बारा तरुण शास्त्रज्ञ शिकायला आले होते. विद्या अशी होती. चिमूटभर पूड काचेच्या बारीक नळीत भरायची, तिच्यावर क्ष-किरण टाकायचे, ते कसे विखुरतात ते मोजायचे आणि त्यावरून गणिताने एक रेषा काढायची. रेषेवरचा प्रत्येक उंचवटा सांगतो, एका अणूपासून दुसरा अणू किती अंतरावर आहे. हे अंतर अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागात, मोजतात. पूर्वीचे लोक ठळक किरण तेवढे मोजत आणि मधला अंधुक भाग टाकून देत. या विद्येत काहीच टाकायचे नसते. म्हणून ती कठीण.

बारा जणांत ज्याचे काम उत्तम ठरेल त्याला न्यूट्रॉनच्या यंत्रावर पाच दिवस मिळणार होते. त्या पाच दिवसांसाठी लोक दोन-दोन वर्षे थांबतात. ऊर्मिला इंगवले या विद्यार्थिनीला ते हवेच होते. तिचा प्रबंध त्यावाचून अडला होता.

शुक्रवारी तिच्या रेषेवर एक नवाच उंचवटा दिसला. तिची पूड टायटॅनियमच्या ऑक्साइडची. त्यात इतके जवळ आलेले अणू कोणी पाहिले नव्हते. सोबत्यांनी पेढे मागितले. एक जण म्हणाला, आता इंगवले नावाचा अणू निघणार. सोमवारी तिला हे सर्वांपुढे मांडायचे होते. त्याआधी एकवार पुन्हा मोजावे, म्हणून ती नवी नळी मागायला काचशाळेत गेली.

काचशाळेत मारुती पांगारे असत. सगळे त्यांना मामा म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत. एकतीस वर्षे ते ज्योतीवर काच तापवून काडीहून बारीक नळ्या ओढत होते. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "धडा केलास?"

"अकराही केले, मामा," ती म्हणाली. शिकवणीच्या पुस्तकात अकरा धडे होते.

मामा हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातली भरलेली नळी घेतली, दोन्ही टोके कापली आणि फुंकर मारून सगळी पूड कागदावर काढली.

ऊर्मिलाचे डोळे भरून आले. आठ महिने खपून केलेली पूड होती ती. तुम्हाला यातले काय कळते, असेही ती बोलून गेली. मामांनी नळी स्पिरिटने धुतली, वाळवली आणि तिच्या हातात ठेवली. पूड कागदात आहे, पळून जात नाही, ते म्हणाले. आता हीच रिकामी मोज, भरलेली मोजलीस तेवढाच वेळ. तिने सांगितले की रिकाम्या नळीचे मापन संगणकात गेल्या वर्षीचे तयार आहे, तेच तिने वजा केले आहे. नळी ती नळी.

"मोज," मामा म्हणाले आणि ज्योतीकडे वळले.

मोजायला चौदा तास लागले. शनिवारी दुपारी रिकाम्या नळीची रेषा निघाली. तिच्यावर तोच उंचवटा होता, त्याच जागी. तो पुडीचा नव्हताच. काचेतल्या सिलिकॉनचा आणि ऑक्सिजनचा होता. तिच्या नळीची काच गेल्या वर्षीच्या नळीहून जाड होती. जेवढी वजा व्हायला हवी तेवढी झाली नाही, आणि उरलेल्या काचेला ती शोध समजली.

ती रेषेचा कागद घेऊन काचशाळेत आली. मामांनी ज्योत बारीक केली.

"तेल्याच्या दुकानात बरणी घेऊन कधी गेली आहेस? तो आधी रिकामी बरणी पारड्यात ठेवतो. समोरच्या पारड्यात खडे टाकून काटा सरळ करतो. त्याला धडा म्हणतात. मग तेल ओततो. शेजारणीच्या बरणीचा धडा तुझ्या बरणीला चालेल का? मी दिवसाला शंभर नळ्या ओढतो, पोरी. दोन सारख्या नसतात. वजा करायचं ते आपलं आपण मोजावं. उसनं वजा केलं की उरतं तेही उसनंच."

तिने त्याच नळीचे मापन वजा करून पुन्हा गणित मांडले. खोटा उंचवटा गेला. तो गेल्यावर त्याच्या शेजारचा जुना, सर्वांना माहीत असलेला उंचवटा मोकळा झाला. तो एक नव्हता, जवळजवळचे दोन होते. गोष्ट लहान होती, पण तिची स्वतःची होती. सोमवारी तिने आधी आपली चूक सांगितली, मग हे सांगितले. पाच दिवस तिलाच मिळाले.

ती मामांच्या पाया पडायला गेली. मामांनी पाय मागे घेतले. पाया पडून फिटत नाही, ते म्हणाले. मग कशाने फिटेल, तिने विचारले. मामांनी हातातली काच खाली ठेवली.

"एकतीस वर्षं नळ्या ओढल्या. त्या मोजल्यावर काय दिसतं, ते मला कुणी दाखवलं नाही. ते दाखव."

रिकाम्या नळीची रेषा घेऊन ती तीन दुपारी त्यांच्या बाकावर बसली. आडवी रेघ म्हणजे काय आणि उभी म्हणजे काय, इथपासून तिने सुरुवात केली. मामांनी तेच ते चार-चारदा विचारले आणि तिने चार-चारदा सांगितले. तिसऱ्या दुपारी तिने बोट ठेवण्याआधी मामांनी ठेवले.

"हा सिलिकॉन. त्याच्यापासून ऑक्सिजन एक पूर्णांक सहा अँगस्ट्रॉमवर. ही माझी काच."

"बरोबर, मामा."

"फिटलं," मामा म्हणाले.