मुंगी, छबू आणि बांधावरचा तांदुळजा

एवढुशी मुंगी. तिळाएवढी. छबूच्या घराच्या उंबऱ्याखाली राहायची.

छबू रोज उंबऱ्यात बसायची. भाजी-भाकरी खायची. खाताना एक कण सांडायचा. तो कण मुंगीचा. ठरलेलंच होतं. कुणी ठरवलं, ते विचारू नका.

एक दिवस मुंगी आली, तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर कण नाही! दुसऱ्या दिवशीही नाही.

छबू भिंतीला टेकून बसली होती. गाल फिके. डोळे पेंगलेले. खेळायलाही उठेना.

"छबू छबू, कण सांड."

"कसा सांडू? मी घासच खात न्हाई. कोरडी भाकरी गिळवत न्हाई. आईनं भाजी केली तर खाईन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. चुलीपाशी आई होती.

"आई आई, भाजी रांध.
छबू घास खाईना,
मला कण मिळेना!"

आई म्हणाली, "कशाची रांधू, बाई? बांधावर तांदुळजा उरला न्हाई. तांदुळजा उगवला तर रांधीन."

तांदुळजा म्हणजे आपोआप उगवणारी पालेभाजी. फुकटची, पण गुणाची. खाल्ली की अंगात रक्त भरतं, असं आई नेहमी म्हणायची.

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. बांध उजाड. मातीत तांदुळज्याचं काळंभोर बी पडलं होतं. मुंगीहूनही लहान!

"तांदुळज्या तांदुळज्या, उगव ना.
आई भाजी रांधेना,
छबू घास खाईना,
मला कण मिळेना!"

बी म्हणालं, "मी नाही उगवत. माती दगडासारखी झालीय. माती मऊ झाली तर उगवीन."

मुंगीने माती टोकरली, टुक टुक टुक.

"माती माती, मऊ हो.
तांदुळजा उगवेना,
आई भाजी रांधेना,
छबू घास खाईना,
मला कण मिळेना!"

माती म्हणाली, "मी नाही मऊ होत. माझं गांडूळ निघून गेलं. गांडूळ आलं तर मऊ होईन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. ओढ्याकाठी, दगडाखाली गांडूळ लपलं होतं.

"गांडुळा गांडुळा, शेतात ये.
माती मऊ होईना,
तांदुळजा उगवेना,
आई भाजी रांधेना,
छबू घास खाईना,
मला कण मिळेना!"

गांडूळ म्हणालं, "मी नाही येत. अंग चुरचुरतं. छबूचे बाबा तणावर औषध मारतात. बाबांनी फवारणीचा पंप खाली ठेवला तर येईन."

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. बाबांच्या पाठीवर पंप. फुस्स फुस्स! तण मेलं. तांदुळजाही मेला. पंपाला कुठे कळतं, तण कोणतं आणि भाजी कोणती!

"बाबा बाबा, पंप ठेवा.
गांडूळ येईना,
माती मऊ होईना,
तांदुळजा उगवेना,
आई भाजी रांधेना,
छबू घास खाईना,
मला कण मिळेना!"

बाबा म्हणाले, "तण माजलंय. एकटा किती खुरपू? बाया सावडीला आल्या तर पंप ठेवीन."

सावड म्हणजे काय? आज तुम्ही सगळ्या माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या शेतात. काम वाटून घ्यायचं, गप्पाही मारायच्या.

मुंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. बायजाकाकी आणि ठकूकाकी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. कट्‌ कट्‌!

"काकी काकी, सावडीला या.
बाबा पंप ठेवेनात,
गांडूळ येईना,
माती मऊ होईना,
तांदुळजा उगवेना,
आई भाजी रांधेना,
छबू घास खाईना,
मला कण मिळेना!"

बायजाकाकी फणकारली, "पंप आला आन्‌ बोलावणं बंद झालं! सावडीला घरचं माणूस दारात येऊन बोलावतं. बोलावल्याबिगर कसं यावं?"

मुंगी विचारात पडली.

बाबा म्हणतात, बाया येत नाहीत. बाया म्हणतात, बाबा बोलावत नाहीत. सगळे आपापल्या जागी बसून. आणि तिकडे छबूचे गाल फिके. मुंगीला राग आला. फार राग आला.

"मी छबूच्या उंबऱ्याखाली राहते. मीही घरचीच! मीच बोलावते. काक्यांनो, उद्या खुरपायला या!"

ठकूकाकी हसली. बायजाकाकीही हसली. "एवढुशी मुंगी, आन्‌ केवढं बोलावणं! आता न्हाई कसं म्हणावं?"

मग काय!

बाया आल्या, खुरपी घेऊन. खर्र खर्र! बाबा ओशाळले. पंप खाली ठेवला, धप्प! बायांना प्यायला पाणी आणलं आणि स्वतःही खुरपायला बसले. तण निघालं. बियाला कुणी धक्का लावला नाही. हाताला कळतं ना!

पण गांडूळ लगेच नाही आलं. पंप ठेवणं सोपं. माती बरी व्हायला वेळ लागतो. पाऊस आला, गेला. ऊन आलं, गेलं. छबू पाण्यात बुडवून भाकरी कशीबशी गिळत राहिली. मुंगी इकडचे तिकडचे दाणे वेचून राहिली. रोज मातीला विचारायची, "झालीस का मऊ?"

एक दिवस गांडूळ आलं, सुळसुळ. माती मऊ झाली, भुसभुस. तांदुळजा उगवला, हिरवागार. आईने लसूण घालून भाजी केली, चर्रर्र! छबूने घास खाल्ला, मटमट.

आणि कण? सांडलाच नाही! छबूने ताट चाटूनपुसून साफ केलं. भुकेल्या लेकराचं ताट असंच असतं. मुंगी रुसली नाही.

छबू रोज भाजी खाऊ लागली. आईही दोन घास जास्त खाऊ लागली. छबूचे गाल भरले. अंगणात धावू लागली, दुडुदुडु.

मग एक दिवस छबू जेवता जेवता थांबली. खाली वाकली. भाकरीचा मोठ्ठा तुकडा मोडला. त्यावर भाजी ठेवली. उंबऱ्यापाशी ठेवून म्हणाली, "हा तुझा."

मुंगीने ओढला. मुंगीने ढकलला. हुश्श! घास केवढा मोठा!

मुंगीला काही उचलेना!