रणगाड्यावरचे केशरी कापड

एकदा एका रणगाडा-पथकात पन्नाशीला टेकलेला एक रिसालदार होता आणि त्याच्यासोबत बावीस वर्षांचा एक नवा लेफ्टनंट. हुद्द्याने लेफ्टनंट वरचा, पण शिकणारा तोच. रिसालदार त्याला अदबीने 'साहेब' म्हणे आणि वेळ पडल्यास तितक्याच अदबीने त्याचे कान उपटी.

युद्धाच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, उसाच्या फडात दोन्हीकडचे रणगाडे भिडले. लेफ्टनंटच्या रणगाड्याचा पट्टा तुटला, वायरलेसही बंद पडली. त्याने रिसालदारासह आपली माणसे कोरड्या पाटात उतरवली. समोर शत्रूचा एक रणगाडा निकामी होऊन पडला होता. दहा मिनिटांत आपली विमाने येणार होती. ज्यावर केशरी कापड अंथरलेले दिसेल तो रणगाडा आपला, एवढीच खूण वैमानिकांना ठाऊक होती.

तेवढ्यात शत्रूच्या रणगाड्यातून कण्हणे ऐकू आले. रिसालदार डोकावून आला. आत पाय अडकलेला एक कोवळा पोरगा आईला हाका मारत होता. रिसालदाराने आपल्या रणगाड्यावरचे कापड काढले आणि त्या रणगाड्यावर अंथरले.

लेफ्टनंट भडकला. "रिसालदारसाहेब, वेड लागलंय का तुम्हाला? आपलाच गाडा उघडा टाकलात! शत्रू आहे तो!"

"व्हय साहेब, शत्रूच हाय. मगाशी गोळा मीच घातला की त्याच्यावर. पर आपल्या गाड्यात आता कोन हाय? नुसतं लोखंड. सरकार दुसरं दील. ह्याच्या आईला दुसरा कोन दील? विमानवाल्यास्नी वरनं गाडाच दिसतो, त्यांचा काय दोष? आपल्याला मातर ह्याचं कन्हणं ऐकू आलंय. ऐकल्यावर सुटका न्हाई, साहेब."

एवढे बोलून तो शत्रूच्या रणगाड्यात उतरला.

विमाने आली. डोळ्यांदेखत आपला पहिलावहिला रणगाडा पेटलेला पाहून लेफ्टनंटला रडू फुटायचेच बाकी होते. इतक्यात हाक आली, "साहेब, हात द्या की!" दोघांनी मिळून पोराला बाहेर काढले. त्याने लेफ्टनंटची बाही जी घट्ट धरली, ती रुग्णवाहिका येईपर्यंत सोडली नाही. लेफ्टनंटनेही ती सोडवून घेतली नाही.

संध्याकाळी कर्नलने कडाडून विचारले, "कापड काढायचा हुकूम कोणाचा?"

रिसालदाराच्या निवृत्तीला तीनच महिने उरले होते. तरी तो एक पाऊल पुढे आला. तो तोंड उघडणार, तोच लेफ्टनंट म्हणाला, "माझा, सर."

रिसालदाराचे डोळे भरून आले. खांद्यावरचे तारे लेफ्टनंटला कधीच मिळाले होते. साहेब तो त्या संध्याकाळी झाला.