जनू आणि बाईंच्या बारा बाटल्या

एका गावात एक भोळा होडीवाला होता. नाव जनू मेथर. समुद्राकाठचं गाव, त्यामुळे त्याच्या भोळेपणाला जागा भरपूर होती.

त्या गावात प्रवाहांचा अभ्यास करायला वैशंपायन बाई आल्या. आदल्या वर्षी गावातली एक होडी इंजिन बंद पडून वाहून गेली होती. लोकांनी तिला उत्तरेला शोधलं आणि ती दोन दिवसांनी दक्षिणेला सापडली. असं पुन्हा होऊ नये, म्हणून पाणी कुठे नेतं ते बाईंना शोधायचं होतं. पण महिनाअखेरपर्यंत एकही नोंद आली नाही, तर त्यांचं ऑफिस हे काम बंद करणार होतं.

बाईंनी काचेच्या बारा बाटल्या आणल्या. प्रत्येकीत एक पोस्टकार्ड. सापडेल त्याने जागा आणि वेळ लिहून ते पेटीत टाकायचं.

बाईंच्या सांगण्यावरून जनूने बाटल्या सोडल्या. दुसऱ्याच्या जाळ्याचा बोया, म्हणजे तरंगती खूण, वाहताना दिसला तर मालकाला नेऊन द्यायचा, ही गावची रीत. संध्याकाळी जनू बाराच्या बारा बाटल्या घेऊन बाईंच्या दारात हजर झाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, वाहत्या वस्तूला हात लावायचा नाही, फक्त वेळ लिहायची.

"आता चुकूचंय नाय, बाईनु," जनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईही बरोबर निघाल्या आणि होडीतलं एक वल्हं पाण्यात पडलं. जनूने हात लावला नाही. वेळ लिहिली, सात दहा. मग उरलेल्या एका वल्ह्याने दोघं दुपारपर्यंत गोल गोल फिरत किनाऱ्याला लागली. बाटल्या तशाच राहिल्या. बाईंनी सांगितलं, हरवू नये असं वाटतं ते दोरीने बांधून ठेवावं.

"आता चुकूचंय नाय, बाईनु."

तिसऱ्या दिवशी त्याने बाटल्या एकट्याने नेऊन सोडल्या, पण त्याआधी बाराही दोरीने खडकाला बांधल्या. अकरा फुटल्या. बाईंना रडू यायचं बाकी होतं. तरी शांतपणे म्हणाल्या, "जनूभाऊ, बांधायचं नाही. कार्ड बरोबर द्यायचं, सोडायचं आणि कळवण्याची वाट बघायची."

"आता चुकूचंय नाय."

शेवटची बाटली घेऊन दोघं निघाली. पाण्याचं तापमान मोजायला बाई वाकल्या आणि लाटेसरशी पाण्यात पडल्या. अंगात लाईफ जॅकेट होतं म्हणून तरंगल्या. त्यांनी हात वर केला.

जनूने हात लावला नाही. वेळ लिहिली. बांधलं तर मुळीच नाही. बाटली मात्र बाईंच्या हाताशी नेमकी टाकली.

"बाईनु, कार्ड घेवा. खंय लागशात तां कळवा."

आणि तो घरी जाऊन वाट बघत बसला.

दोन तासांनी बाई दक्षिणेच्या शेजारगावी लागल्या. तिथल्या मास्तरांनी नियमाप्रमाणे कार्ड भरून पाठवलं. सापडलेली वस्तू: एक बाई. अवस्था: चांगली, पण फार रागावलेली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी ते ऑफिसात पोचलं. काम वाचलं. बाईंचा राग निम्मा उतरला. ऑफिसचं पत्र त्यांनी जनूला मोठ्याने वाचून दाखवलं: नोंद उत्तम आहे, मात्र एका नोंदीवरून काही ठरत नाही. अशाच आणखी दहा पाठवाव्यात.

पत्र फायलीला लावून बाईंनी वर पाहिलं. जनूने होडी पाण्यात लोटली होती आणि लाईफ जॅकेट घेऊन तो दारात उभा होता.