काडी मोडण्याआधी

एका गावात एक सनगर आणि त्याची बायको राहत होती. सनगर म्हणजे घोंगड्या विणणारा. ती लोकर कातायची, चिंचोक्यांची खळ शिजवायची आणि तो मागावर बसायचा. कामात जोडी लाखात एक, पण मनं काही जुळेनात. त्याने पूर्व म्हटलं की तिने पश्चिम म्हणायचं. सात वर्षं भांडून दोघंही दमली आणि काडीमोड घ्यायचं ठरलं. दमलेल्या माणसांना आपण तरी कशाला नावं ठेवा!

अडलं ते घरावर. सनगर म्हणाला, "घर माझ्या नावाचं. तू आपली लुगडी, भांडी घे नि नीघ. आणि लोकरीपायी वाण्याचे साठ रुपये झालेत, त्यातले तीस तुझे."

घरावरची कौलं आली होती तिच्या पाटल्या मोडून. पण त्या विकल्या दूरच्या बाजारात, तिथे ही दोघंच गेलेली. साक्षीला चिटपाखरूही नव्हतं. पाटल्यांचे पैसे मिळाले तर ती स्वतःचा माग घेणार होती. नाहीतर आहेच भावाचं दार, आणि वहिनीची बोलणी.

त्या गावची रीत मोठी न्यारी. काडी मोडण्याआधी नवरा-बायकोने चावडीवर पंचांपुढे एकाच घोंगडीवर पाठीला पाठ लावून बसायचं आणि आधी आपल्यावरचं देणं सांगायचं. घेणं त्यानंतर.

"बोल गं बाई," म्हातारे पंच म्हणाले. "याचं तुझ्याकडे काय निघतं?"

सनगरणीने घेणं तेवढं घोकून आणलं होतं! 'काही नाही' हे शब्द अगदी ओठांवर आले. म्हटले असते तर कुणाला कळणार होतं? पण मन खाऊ लागलं.

"माझी आई अंथरुणाला खिळली होती," ती हळूच म्हणाली. "सख्खा भाऊ फिरकला नाही. यांनी कमरेचा चांदीचा करदोटा मोडून वैद्य आणला. चार महिने आईला उचलून उन्हात बसवलं. बाहेर कुणाला सांगितलं नाही. ते देणं आहे माझ्यावर."

"अगं बाई, हिने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला!" एक शेजारीण कुजबुजली.

आता सनगराची पाळी.

"घरावरची कौलं हिच्या पाटल्यांची आहेत," तो म्हणाला. "मी कबूल करणार नव्हतो पंच, खोटं कशाला बोलू? लाज वाटते आता. अर्धं घर हिचं आहे. आणि करदोट्याचं म्हणाल, तर ती मलाही आईच होती. ते देणं धरू नका."

सनगरणीच्या डोळ्यांना धार लागली. पंचांनी निवाडा दिला. घर सनगराला राहिलं, अर्ध्या घराचे पैसे तिला मिळाले आणि वाण्याचं कर्ज निम्मं निम्मं झालं. तीस रुपये तिने हूं की चूं न करता आपल्या अंगावर घेतले.

"अरे, मग आता काडी कशाला मोडता? नांदा की सुखाने!" कुणीतरी म्हणालं.

"नको रे बाबा!" दोघं एकदम म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं, आणि सगळी चावडी हसली.

काडी मोडली. निघताना सनगरीण थांबली. नवऱ्याचे आभार मानायची चाल त्या गावात नव्हती, तरी ती म्हणाली, "तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"तुझेही आहेत," तो म्हणाला.

तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला माग घातला. वाण्याचं देणं दोघांनी आपापलं फेडलं. पुढे कुणी तिच्या ओट्यावर बसून त्याची निंदा सुरू केली, की ती हातातला धागा थांबवून म्हणायची, "संसार जमला नाही, एवढंच. माणूस खोटा नव्हता."

या गोष्टीचं तात्पर्य: वाटा वेगळ्या झाल्या, तरी मिळालेलं खोटं होत नाही. आपलं घेणं मागण्याआधी आपल्यावरचं देणं आठवावं.