चतकोऱ्यांची सोयरीक

सुपारी फुटायच्या वेळीच मुलाचे वडील इनामदार अडून बसले. "चतकोरे! चतकोर भाकरीचं आडनाव आमच्या लग्नपत्रिकेवर? आधी बदला, मग सोयरीक."

मुलीच्या वडिलांनी मान खाली घातली. नवरी भागीरथी मात्र इनामदारांच्या देव्हाऱ्याकडे बघत होती.

"काकासाहेब, देवापुढे चतकोर भाकरी कशाला?"

"घराण्याची रीत! दुष्काळात रानात पडलेल्या आमच्या पणजोबांना कुणीतरी आपल्यातली चतकोर दिली, म्हणून ते जगले. नाव विचारायचं राहिलं, म्हणून भाकरीलाच हात जोडतो."

"माझ्या बाबांच्या पणजोबांनी अशीच रानातल्या वाटसरूला चतकोर दिली, तेव्हापासून गाव आम्हाला चतकोरे म्हणतं. आडनाव बदलू आम्ही. मग तुम्हाला देणारा सापडायचा कसा?"

इनामदार उठले, व्याह्यांपुढे वाकले. "तीन पिढ्यांचा नमस्कार राहिला होता. पत्रिकेवर आधी तुमचंच आडनाव!"